अनुभवी नवोदित

शासनाने ‘नवोदित सर्जनशील युवा प्रवेश साहाय्य योजना’ जाहीर केली, तेव्हा शिंप्याची मुलगी बावीस वर्षांची होती. तिला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची होती, पण एकही प्रकाशक तिला दारात उभं करत नव्हता. योजनेत निवड झाली, तर प्रकाशनसंस्थेत वर्षभर काम मिळणार होतं. बापाने अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं आणि लेकीला घेऊन तिसऱ्या मजल्यावरचा योजनेचा कक्ष गाठला.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. “तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला नाहीये.”

“पण योजना नवोदितांसाठी आहे ना?” मुलीने विचारलं.

“आहे की. म्हणून आधी कुठेही काम केलं नसल्याचाही दाखला लागतो.”

“मग अनुभव आणायचा कुठून, ताई?” बाप म्हणाला.

“ते कल्पकतेने सोडवायचं, काका. योजना सर्जनशील तरुणांसाठी आहे.”

मुलीने हे मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती दाखल्याचं चित्रच काढून घेऊन आली. गोल शिक्का, झोकदार सही आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलेला शब्द: ‘काल्पनिक’. बाईंनी कपाळाला हात लावला आणि कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब बराच वेळ शिक्का न्याहाळत राहिले. योजना जाहीर होण्याच्या आधीपासून, दीड वर्ष, कक्षाला बोधचिन्ह मिळत नव्हतं.

“अनुभव हवाय ना? मग आमच्याकडेच काम कर,” साहेब म्हणाले. “मानधन फक्त पात्र नवोदितांना देता येतं. तू अजून पात्र नाहीस.”

यात खोट काढायला जागा नव्हती. मुलगी कामाला लागली. तिने बोधचिन्ह काढलं, अर्जाचा नमुना सजवला, मंत्र्यांच्या भाषणामागचा पडदा रंगवला. जिन्यातला ‘थुंकू नये’ हा फलकही तिने इतका देखणा केला, की लोक तो पाहायला थांबत आणि मग थुंकत. बाप गिऱ्हाइकांना सांगे, “शिकतेय.”

तीन वर्षांनी साहेबांनी खराखुरा दाखला दिला. मुलगी तो घेऊन खिडकीशी गेली. बाईंनी मायेने तिला खुर्ची दिली.

“अगं, तीन वर्षं काम केलंस. आता तू नवोदित कुठे राहिलीस? शिवाय मंगळवारी पंचवीस पूर्ण झाली तुला. वयोमर्यादा संपली.”

“मंगळवारी तुम्हीच केक आणला होतात, ताई.”

“हो. म्हणून तर तारीख पक्की लक्षात आहे.”

वार्षिक अहवालाला मात्र एक तरी लाभार्थी हवा होता, आणि योजनेच्या अटींत आजवर एकही माणूस बसला नव्हता. साहेबांनी टिपणी लिहिली: योजनेमुळे हिला अनुभव मिळाला, सबब हीच प्रथम लाभार्थी. स्वतःच्या यशाचं पोस्टर काढण्याचं कामही तिच्याकडेच आलं. तिने ते काढलं, टेबल आवरलं आणि घरी गेली.

आता ती दुकानात कापडावर खडूने कापायच्या रेषा आखते. बाप कुणाला काही सांगत नाही. फक्त आपलं मशीन त्याने खिडकीपासून सरकवलंय, तिच्या हातावर उजेड यावा म्हणून.

ते पोस्टर तुम्ही पाहिलंय. ब्रशने कुलूप उघडणारी मुलगी. तुम्हाला इतकं आवडलं, की दहा जणांना पाठवलंत. खाली कोपऱ्यात चित्रकर्तीची बारीक सही होती. तेवढी पट्टी तुम्ही कापलीत. चौकटीत बसत नव्हती ना.