हळदीच्या वाटीतली जर्मनी

पुंडलिकनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून उत्तमराव साळवे राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात मिसळणाचा एक स्टीलचा डबा आहे आणि त्यात एकही मसाला नाही. हळदीच्या वाटीत जर्मनी असते, मोहरीच्या वाटीत दुबई, जिऱ्याच्या वाटीत कॅनडा. धन्याच्या वाटीत पूर्वी ऑस्ट्रेलिया होती, पण त्या मुलाची बदली झाली आणि धन्यात सिंगापूर आलं.

डब्यात आहेत सिमकार्डं. आमच्या कॉलनीतली मुलं परदेशी गेली, तिकडचे नंबर घेऊन बसली. पण इथली बँक, इथला गॅस, इथलं लाइट बिल ओटीपी पाठवतं ते इथल्याच नंबरावर. कार्ड तिकडे नेलं तर मेसेज कधी येतो, कधी येत नाही. आईबापांकडे ठेवलं तर चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. म्हणून कार्डं साळव्यांकडे. ते एकटे, निवृत्त, आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

या माणसाबद्दल मी कॉलनीच्या ग्रुपवर एकदा काही लिहिलं होतं. ते नीट करायचं राहून गेलं आहे. माझं वय पाहता आता फार थांबण्यात अर्थ नाही.

साळवे जकात नाक्यावर कारकून होते. जालना रोडने करमाडकडून शहरात शिरताना जो नाका लागायचा, त्यावर त्यांची उमर गेली. ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलायची, माल बघायचा, पावती फाडायची. पुढे जकात बंद झाली, पण साळव्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

"उठली म्हणतात जकात. कुठं उठली? जालना रोडवरून उठली अन् इंटरनेटवर जाऊन बसली! आमची प्रज्ञा जर्मनीत टीव्ही लावती, तर पडद्यावर येतं, ही सेवा तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. म्हंजे काय? नाकाच की! हद्द ती हद्द, जाधव सायब. फक्त आमच्या नाक्यावर माणूस होता, त्याच्याशी भांडता तरी यायचं."

प्रज्ञा त्यांची एकुलती मुलगी. हळदीच्या वाटीतली जर्मनी ती हीच.

ओटीपी मागायची पद्धतही नाक्याचीच होती. समोरच्याने साळव्यांच्या नेहमीच्या फोनवर फोन करायचा. साळवे आधी डबा काढणार, मग बटणांचा जुना फोन उघडून त्यात वाटीतलं कार्ड बसवणार. त्या फोनला ते 'काटा' म्हणत, ट्रक वजन करायचा असतो तसा. काट्याला रेंज येईपर्यंत चौकशी.

"कोण बोलतंय?"

"काका, मी अमोल, दुबईहून."

"अमोल तर कुणी बी म्हणंल. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून सरकार रोज कानात ओरडतंय. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी झाड कोणतं?"

"कडुलिंब."

"व्हय. माल काय? बँक का गॅस?"

"बँक, काका. जरा लवकर."

"घे. चार, शून्य, नऊ, दोन." आणि इथे साळवे थांबत. सहा आकड्यांतले चार देऊन थांबत. "जेवलास का?"

"काका, पुढचे दोन!"

"देतो ना. काय जेवला?"

बिचारा अमोल वाळवंटात उभा राहून सांगे, खिचडी. मग उरलेले दोन आकडे मिळत. कधी तोवर मुदत संपलेली असे. मग नवा ओटीपी, पुन्हा चार आकडे, पुन्हा, "लोणचं होतं का संगं?"

एकदा त्यांची बहीण जालन्याहून आली. भावाकडे मिसळणाच्या डब्यात कचरा साठलाय असं समजून तिने डबा घासला आणि सगळे देश चाळणीत निथळत ठेवले. मी गेलो तेव्हा साळवे एकेक कार्ड नाकाशी धरून बसले होते.

"हे जिरं. म्हंजे कॅनडा. हे मोहरी का हिंग, कळंना."

"आणि जर्मनी?"

त्यांनी एक पिवळं पडलेलं कार्ड बाजूला काढून ठेवलं होतं. "ती लगेच घावली. मंदाच्या हळदीची वाटी आहे ती. कितीबी घासा, डाग जात नाय."

मंदावहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता.

मग आमची पाळी आली. मुलाने आम्हा दोघांना सहा महिने टोरांटोला बोलावलं. जाताना मीही माझं कार्ड साळव्यांच्या हवाली केलं. मला मेथीदाण्याची वाटी मिळाली. "कडू हाय, पण तब्येतीला चांगली," ते म्हणाले. मी ते मनाला लावून घेतलं नाही.

टोरांटोत पहिल्याच आठवड्यात शैलाची, म्हणजे माझ्या पत्नीची, संध्याकाळची मालिका बंद पडली. प्रदेशात उपलब्ध नाही. नायिकेला सासूने कोठीच्या खोलीत कोंडलं होतं आणि शैला सात समुद्रांपलीकडे. तिचं जेवणावरून लक्ष उडालं. मी सहज साळव्यांना बोललो, तर दुसऱ्या दिवशी आमच्या सकाळच्या चहाच्या वेळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर साळवे नव्हते, त्यांचा टीव्ही होता. फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून त्यांनी मालिका लावली होती.

"वहिनी, दिसतंय ना? आयुष्यभर चोरटा माल पकडला, आता म्हातारपणी म्याच चोरटी वाहतूक करतोय. कुणाला बोलू नका."

तिथून पुढे रोज. मालिका चालू असताना पाठीमागून त्यांचं बोलणं चाले. "ही बाई आता दार उघडंल बघा. नाय उघडलं? लई बेरकी हाय!" शैला इकडून उत्तर देई. मालिका साळव्यांना अजिबात आवडत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मी काय केलं? मला एका सकाळी पेन्शनचे पैसे इकडून तिकडे वळवायचे होते. साळव्यांना फोन लावला.

"तुमच्या फाटकाचा रंग कोणता?"

"अहो साळवे, आवाज ओळखता ना माझा?"

"आवाज तर आता मशीन बी काढती. रंग बोला."

"हिरवा!"

"घ्या. सात, सात, एक, तीन. बर्फ किती पडला?"

"पुढचे दोन सांगा."

"गुडघ्याइतका का घोट्याइतका?"

तीनदा ओटीपी मागवला, तीनदा बर्फ मोजला, आणि शेवटी बँकेने माझं खातं दिवसभरासाठी बंद केलं. सुनेसमोर माझा पार पोपट झाला. त्याच दुपारी मुलाच्या एका मित्राने सांगितलं, की आमच्या बँकेत परदेशातला नंबर नोंदवता येतो, एक अर्ज भरला की झालं. बऱ्याच बँका आता देतात.

मी रागाच्या भरात ती सगळी रीत कॉलनीच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपवर बाहेर गेलेली मुलंही आहेत. नुसती रीत टाकून थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. खाली मी एक ओळ जोडली : 'साळवे शेवटचे दोन आकडे मुद्दाम रोखतात. नाक्यावर गाड्या अडवायची खोड अजून गेलेली नाही. आता कुणाला हद्दीवर थांबायची गरज नाही.'

लोक हसले. हसऱ्या तोंडांची रांगच लागली. साळवे ग्रुपवर आहेत. त्यांनी अंगठा दाखवला. आणि दुसऱ्या दिवशीही सकाळच्या चहाला त्यांचा कॉल आला, टीव्ही दिसला, सासूने दार उघडलं.

आम्ही परतलो तोवर एकेक करून सगळे देश डब्यातून मोकळे झाले होते. कार्डं होती, पण मागणी नव्हती. शैलाने दिलेली मॅपलची बिस्किटं घेऊन मी दुपारी साळव्यांकडे गेलो. ते टेबलाशी बसले होते. डबा उघडा, काट्यात पिवळं कार्ड, आणि त्याला रेंजच्या पूर्ण कांड्या.

"प्रज्ञाचं काम आहे वाटतं?" मी विचारलं.

"नाय. तिनं बी नंबर बदलला की, तुमचं वाचून. चांगलं झालं. लेकराच्या पाठीची कटकट गेली."

"फोन करत असेल ना पण?"

"करती तर! दर रविवारी. व्हिडिओवर." त्यांनी बिस्कीट उलटंपालटं करून पाहिलं, मालाची तपासणी केल्यासारखं. "पण रविवारी काय होतं, समदे नीट बसत्यात. नातू भांग पाडून बसतो. जावई नमस्कार करतो. म्या बी इस्तरीचा सदरा घालतो. कशी हायेस, बरी हाय. तुम्ही कसे, बरा हाय. संपलं."

त्यांनी बिस्कीट टेबलावर ठेवलं.

"ओटीपीला फोन करायची ना, तवा घाईत असायची. तिकडं कुकर शिट्टी मारतोय, पोरगं रडतंय, ही नवऱ्यावर ओरडतीय, अन् मधीच, पप्पा लवकर सांगा ना! अगदी मंदा ओरडायची तशी. दोन आकडे धरून ठेवले की तेवढा वेळ तिचं घर ऐकाय यायचं." ते थोडे ओशाळून हसले. "तुम्ही लिहिलं ते खरंच होतं. म्या मुद्दामच थांबवायचो. नाक्यावर गाडी थांबली की डायवर खाली उतरतो, च्या पितो, गावाकडचं काहीबाही सांगतो. नाका उठला तसा तो च्या बी उठला."

मी घरी आलो. शैलाला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही त्यांना एका ओळीत चिरडलंत. आता निदान दोन ओळी तरी लिहा."

मी ग्रुपवर लिहिलं : 'साळवे शेवटचे दोन आकडे रोखतात हे मी लिहिलं होतं, ते बरोबर. का रोखतात, ते मला माहीत नव्हतं आणि मी ठोकून दिलं. ते तुमचं घर ऐकत होते. माझं चुकलं.' दोघांनी अंगठे दाखवले. एकाने विचारलं, पाण्याचा टँकर कधी येणार.

साळव्यांच्या समोर जाऊन हेच बोलायचा धीर मला झाला नाही. मी दुसरा मार्ग धरला. मंगळवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातून त्यांना फोन लावला. माझं कार्ड त्यांच्या मेथीदाण्यात तसंच होतं.

"साळवे, लाइट बिल भरायचंय. ओटीपी आला का बघा."

आमच्या कुकरची शिट्टी झाली. ती मला फोनमधूनही ऐकू आली, कारण भिंतीतून ती त्यांच्याकडे पोचली होती. पलीकडे खुर्ची सरकली. मग डब्याचं झाकण वाजलं.

"कोण बोलतंय?"

"जाधव."

"कुठून?"

"हद्दीबाहेरून," मी म्हणालो.

"फाटकाचा रंग?"

"हिरवा."

"घ्या. नऊ, एक, एक, सहा." ते थांबले. मी वाट पाहिली. "वहिनींनी आज काय केलंय?"

"वांग्याचं भरीत."

"शेंगदाण्याचं कूट घातलंय का? नाय म्हंजे, वास तर..." आणि मधेच त्यांच्या फोनवर टुकटुक वाजलं. "थांबा, थांबा. दुसरी गाडी लागली नाक्यावर."

फोन कटला. मी भिंतीला कान लावला. या वयात शोभत नाही, पण लावला.

"कोण बोलतंय? ... प्रज्ञा तर कुणी बी म्हणंल! तुझ्या आईची हळद कोणत्या वाटीत असायची?" डब्याचं झाकण पुन्हा वाजलं, काट्यातलं कार्ड बदललं असावं. मग मोठ्याने, "व्हय! माल काय? ... टीव्ही? अगं, पण तू तर नंबर बदलला होता... पुन्हा इकडचाच घातलास? बरं बरं, ओरडू नको. घे, पाच, दोन, आठ, शून्य."

पुढचे दोन आकडे आले नाहीत. साळवे ऐकत होते.

माझ्या ओटीपीची मुदत केव्हाच संपली होती. मी नवा मागवला नाही.