बंद पडू देऊ नकोस!

सकाळी नऊला नर्सबाईंनी किल्ली फिरवली, तर गाडी नुसती 'टक्' म्हणाली आणि गप्प बसली. साडेनऊला लायसन्सची परीक्षा होती. याआधी त्या दोनदा नापास झाल्या होत्या, दोन्ही वेळा चढावर इंजिन बंद पाडून. सोमवारपासून गावाबाहेरच्या दवाखान्यात पहाटेची पाळी होती, आणि तिकडे त्या वेळी बस जात नव्हती.

"बॅटरी उतरलीय," नवरा म्हणाला. परीक्षेसाठी गाडी आदल्या संध्याकाळी त्यानंच चकचकीत पुसली होती आणि हेडलाइट तसेच चालू ठेवून तो जेवायला गेला होता. पण बोलला असा, जणू आगाऊपणा बॅटरीनंच केलाय. "घाबरतेस कशाला? मी आहे ना! दुसरा गिअर टाक, क्लच दाबून धर. मी ढकलतो. 'सोड' म्हटलं की सोड."

"अहो, तुमची कंबर?"

"कंबरेला काय धाड भरलीय!"

गाडी हलली, उताराला लागली. "सोड!" दोन उचक्या देऊन इंजिन धडधडलं.

"आता काही झालं तरी बंद पडू देऊ नकोस!" नवरा मागून ओरडला.

नर्सबाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की त्या थांबल्याच नाहीत. कोपऱ्यावरच्या बागेला त्यांनी फेऱ्या घालायला सुरुवात केली. "अगं, मला तरी घे!" म्हणत नवरा मागे धावत होता. दुसऱ्या फेरीत त्याची एक चप्पल गेली, तिसरीत दार हाती लागलं आणि तो कसाबसा आत कोसळला.

परीक्षेच्या मैदानावर त्यांचा नंबर लगेच लागला. नवरा उतरला, निरीक्षक शेजारी बसले.

"इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा."

"साहेब, बंद केलं तर ढकलावं लागेल."

निरीक्षकांनी बाहेर पाहिलं. एकाच पायात चप्पल, अंगभर घाम, असा नवरा उभा होता. "बरं," ते म्हणाले, "तशीच घ्या."

चढाच्या मध्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. नर्सबाईंनी पेशंटचा श्वास ऐकावा तसा इंजिनाचा आवाज ऐकला. क्लच किंचित सोडला, आवाज जड झाला तसा हँडब्रेक काढला. गाडी तसूभरही मागे न घसरता वर चढली.

"पास!" गाडी रांगेजवळ परत आल्यावर निरीक्षक उतरता उतरता म्हणाले.

"शिकवलं कोणी?" नवरा ऐटीत म्हणाला. "सरक, आता मी नेतो." तो बसला, रांगेतल्या लोकांना हात केला, क्लच सोडला... आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

निरीक्षकांनी कागद बाकावर ठेवले आणि बाह्या सरसावल्या.

"बाई, स्टिअरिंगवर तुम्ही बसा," ते म्हणाले. "ह्यांना इकडे मागे पाठवा."