टाकीचा तिसरा पाय

कारखान्यात गॅसच्या भल्यामोठ्या आडव्या टाक्या बनत, आणि त्या ज्या दोन आधारांवर पहुडतात त्यांच्यावर किती ताण येतो हे काढणं, हा तिथल्या एका इंजिनिअरचा पोटापाण्याचा उद्योग. या आधारांना सॅडल म्हणतात, म्हणून कारखान्यात त्याला सगळे सॅडलसाहेब म्हणत. सासूबाई मात्र नातेवाइकांत सांगत सुटायच्या, "आमचे जावई ना, टाक्यांना पाय लावतात!" हे त्याला भयंकर झोंबायचं. एकदा, फक्त एकदा त्यांच्या तोंडून आपल्या कामाचं कौतुक ऐकावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा.

ती संधी चालून आली. घरची पाण्याची टाकी गळायला लागली आणि त्याने कारखान्यातली एक जाड पत्र्याची आडवी टाकी गच्चीवर चढवली. सासूबाई नेमक्या मुक्कामाला होत्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली.

"दोनच पाय? मध्ये तिसरा लावा की!"

"नाही आई. तीन लावले आणि एक जरा जरी खचला, तर कुणावर किती भार आला ते कळत नाही. दोन असले की हिशोब चोख."

"टाकी पाण्यासाठी आहे का हिशोबासाठी?"

त्याने ते मनाला लावून घेतलं. अख्खा रविवार आकडेमोडीत घातला. टाकी मध्ये किती वाकेल, पायाच्या टोकाशी पत्र्यावर किती ताण येईल, वादळ आलं तर काय, सगळं काढलं. "भूकंपसुद्धा धरलाय!" तो बायकोला म्हणाला.

"आता जेवायचंही मनावर धरा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरली. पठ्ठी तसूभरही हलली नाही. त्याने जिन्यातून आरोळी ठोकली, "अगं, आईंना बोलाव वर!"

"आई अंघोळीला गेलीय!"

तेवढ्यात न्हाणीघरातून धडाधडा दार ठोकल्याचा आवाज आला. "अगं, अंघोळ झाली, आता दार उघडेना की हे!"

इंजिनिअर खाली धावला. खांदा लावला, लाथ मारली, दार ढिम्म. मग त्याचं लक्ष वर गेलं. टाकीखालचं छत किंचित खाली आलं होतं आणि त्याने चौकट दाबून धरली होती.

"पायांचा हिशोब तर बरोबर होता," तो पुटपुटला.

"अहो, पण पाय उभे कशावर आहेत?" बायकोने विचारलं.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. भूकंप धरला होता, वादळ धरलं होतं, घर धरायचं राहिलं होतं.

आता टाकी रिकामी केल्याशिवाय दार सुटणार नव्हतं, आणि ती भराभर रिकामी करतील एवढे मोठे नळ फक्त न्हाणीघरातच होते.

"आई, आतले सगळे नळ सोडा!"

"सोडते. आधी सांगा, तिसरा पाय लावणार ना?"

"आई, तिसरा लावला तरी छतावरचं वजन तेवढंच राहणार!"

"मग मी इथेच बरी."

"अहो, हो म्हणा ना!" बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

"पण ते चूक आहे गं!"

"माझी आई आत आहे!"

"लावतो," तो म्हणाला. ताणाच्या बाबतीत तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि त्याचे कान लाल झाले.

नळ भसाभसा सुटले. पाणी दाराखालून बाहेर आलं, पायपुसणं तरंगत सोफ्यापर्यंत गेलं. बऱ्याच वेळाने चौकट कर्र करून सुटली आणि सासूबाई राणीच्या थाटात बाहेर आल्या. त्यांनी छताकडे बघितलं. जावयाकडे बघितलं. तो मान खाली घालून पाणी पुसायला लागला.

तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला. आता आपला गावभर बोभाटा होणार, म्हणून त्याने फडकं घट्ट पिळलं.

"अगं, अडकले होते न्हाणीघरात! छत वाकलं, दार अडकलं, दिवाणखान्यात तळं झालंय," सासूबाई म्हणाल्या. "पण जावयांनी लावलेली टाकी? अजिबात हलली नाही हो! फारच भक्कम काम बाई त्यांचं. घरच कमी पडलं!"