देवरेअण्णा एक क्लेम हरतात

देवरेअण्णा परत आलेली समई आधी हुंगतात.

खोका उघडला, आतलं प्लास्टिक सोडवलं, की समई नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास घ्यायचा. मग निकाल. "साजूक तूप. घरी कढवलेलं. ताई, कॅमेरा जवळ आणा, वातीच्या खाचेत काजळी दिसली पाहिजे."

परत पाठवणाऱ्या बाईंनी कारण दिलेलं असतं, 'रंग आवडला नाही'. पितळेचा रंग. गणपती बसायच्या आदल्या दिवशी आवडलेला हा रंग विसर्जनानंतर बरोब्बर नावडता होतो. अण्णा ह्या दिवसांना 'रिटर्नचा हंगाम' म्हणतात. एकदा तर एक निरांजन परत आलं, त्यात अर्धी जळालेली वात तशीच होती आणि दांड्याला हळदीकुंकू. कारण होतं, 'वापरलेलं नाही'.

वर अण्णा जिला 'ताई' म्हणाले ती मी. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत अण्णा वरच्या मजल्यावर आणि मी त्यांच्या बरोब्बर खाली. मी घरून काम करते हे त्यांना कळलं, त्या दिवसापासून मी घरून दोन कामं करते. दुसरं काम मोबाइल धरायचं. खोका उघडतानाचा व्हिडिओ सलग असावा लागतो, मध्ये तुटला की ज्या ऑनलाइन कंपनीवरून अण्णा भांडी विकतात ती अपील फेटाळते, आणि अण्णांना दोन्ही हात मोकळे लागतात, कारण ते हातवारे केल्याशिवाय बोलू शकत नाहीत.

"नमस्कार. मी देवरे. माझ्यासमोर एक बंद खोका आहे," अशी सुरुवात. जुन्या बातम्या द्यायचे तसा आवाज. "चिकटपट्टी ओढून पाहतो. पट्टी नवी आहे. आमची पट्टी तपकिरी, ही पारदर्शक. म्हणजे पाहा." पुढे कोणी काय पाहायचं, ते ते सांगत नाहीत.

अण्णा रेल्वेत टीसी होते. मूळचे सटाण्याकडचे, नोकरी सगळी फिरतीची. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, पण अण्णांनी बागेत काय करायचं? गुलाब खोटं बोलत नाही. मग जुन्या नाशकातल्या तांबट आळीतले त्यांचे मित्र पोपटराव जी पितळी भांडी घडवतात, ती ऑनलाइन विकायचा उद्योग त्यांनी काढला. विकण्यात त्यांना फारसा रस नाही. ऑर्डर आली तर "बरं" म्हणतात. पण रिटर्न आला की चेहरा उजळतो, शर्टाची वरची गुंडी लागते, आणि जिन्यातून हाक येते, "ताई, एक बसलाय विनातिकीट!"

त्यांच्या मते माणसाला सबबी मोजक्याच सुचतात, फक्त गाडी बदलते. 'पार्सल रिकामं निघालं' म्हणजे 'पाकीट मारलं साहेब'. 'नवऱ्यानं चुकून ऑर्डर केली' म्हणजे 'तिकीट मित्राकडे आहे आणि मित्र पुढच्या डब्यात आहे'. ग्राहकांच्या तक्रारींना ते उत्तरंही त्याच थाटात लिहीत. 'आपली तक्रार मिळाली. आपण सांगता ती वस्तू आमच्याकडून चढली तेव्हा धडधाकट होती. मध्ये कुठे उतरली ते कळवावे.' ती उत्तरं आता मी तपासून पाठवते.

एकदा परराज्यातून एक घंगाळ परत आलं. खोका तेवढाच जड. उघडला तर आत कांदे. वजन जुळवायला भरलेले. अण्णा खोक्यात वाकून बघायला लागले. त्यांना फसवणुकीचा राग नव्हता. "नाशिकला कांदे पाठवतो!" ते म्हणाले, "अक्कल बघा माणसाची!" मग एक कांदा हातात घेऊन, दाबून, "आणि तेही असले पाणचट." व्हिडिओ झाला, अपील गेलं आणि संध्याकाळी आम्ही त्या कांद्यांची भजी केली. पुढच्या आठवड्यात कंपनीनं मालाचे आणखी फोटो मागितले, तेव्हा पुरावा पचून गेला होता. तरीही अण्णा ते अपील जिंकले. कसे, ते मला माहीत नाही. ते म्हणतात, "चिकाटी. मी सोडत नसतो."

खरंच सोडत नसत. एकही क्लेम, म्हणजे ग्राहकाची पैसे परत मागणारी तक्रार, त्यांनी आपणहून मान्य केल्याचं मला आठवत नाही. माल खराब गेला असेल तर ते तक्रारीची वाट न बघता दुसरा पाठवत. पण माणूस खोटं बोलतोय असा वास आला, की संपलं.

आणि मग तो डबा आला.

तक्रार बंगळुरूच्या कोणा अश्विनी पगार बाईंच्या नावावरून होती. पितळी डबा, झाकणाचा, 'पोचा पडलेला मिळाला'. सोबत फोटो. फोटोत फक्त पोचा, इतका जवळून काढलेला की तो डब्याचा आहे की घमेल्याचा ते कळू नये. "पोपटरावाच्या डब्याला पोचा?" अण्णांनी चष्मा वर केला. "अशक्य. त्याच्यावर बैल बसला तरी बैलालाच लागेल."

खोका आला. मी मोबाइल धरला. "नमस्कार. मी देवरे." पट्टी कापली, कागद बाजूला झाला आणि अण्णांची मूळची बोली उसळून वर आली. "हाई काय शे?"

आत आमचा डबा नव्हताच. दुसराच होता, जुना. घासून घासून कडा मऊ झालेल्या, बुडाला काळपट, कुशीत एक मोठा पोचा. आणि पोच्याच्या शेजारी टाचणीनं टोचावीत तशी अक्षरं, 'चि. सौ. कां. इंदुमती हिस आई-वडिलांकडून'.

"लग्नातला डबा!" अण्णा कॅमेऱ्याचं भान हरपून माझ्याकडे बघत म्हणाले. "नवा ठेवून घेतला आणि आईच्या लग्नातला जुना आम्हाला पाठवला. ताई, कांदेवाला बरा म्हणायचा. त्याला निदान लाज होती, त्यानं घरचं काही पाठवलं नाही."

तेवढ्यात त्यांचं लक्ष लेबलाकडे गेलं. खातं बंगळुरूचं, पण डबा पोचला होता नाशिक रोडला. आणि उचललाही तिथूनच.

आजवरचे सगळे आरोपी गुवाहाटीला नाहीतर जयपूरला असायचे. हा पहिलाच टप्प्यातला. अण्णांनी आतल्या खोलीत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला.

"अण्णा, ग्राहकाच्या घरी जायचं नाही असा नियम आहे. खातं बंद करतील."

"मी ग्राहकाकडे जात नाही. मी नाशिक रोडला चाललोय. वाटेत घर लागलं तर मी काय करू?"

त्यांना एकटं सोडणं धोक्याचं होतं, म्हणून मीच गाडी काढली. सबंध रस्ताभर डबा त्यांच्या मांडीवर, मुद्देमालासारखा दोन्ही हातांनी धरलेला. द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो तेव्हा ते प्रश्नांची तालीम करत होते. "पहिला प्रश्न साधा. 'नवा डबा कसा आहे?' तिथेच सापडणार."

जुन्या सरकारी वसाहतीच्या मागे एक बसकं घर होतं. दार उघडलं एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. बनियन, वर टॉवेल, हाताला पीठ. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग अण्णांच्या हातातल्या डब्याकडे, आणि तोंडभर हसले.

"आलात का? झाला का ठोकून?"

अण्णांचा पहिला प्रश्न तोंडातच राहिला.

"या ना, आत या. मी रोज वाट बघतोय," ते गृहस्थ म्हणाले. हेच वसंतराव पगार, अश्विनीचे वडील. डबा हातात घेऊन त्यांनी फिरवला आणि चेहरा उतरला. "अजून तसाच आहे की हो."

मग आम्हाला खुर्च्यांवर बसवून त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या दुकानदाराला दुरुस्तीचं काम समजावून सांगावं तसं. इंदुमती त्यांची पत्नी. मागच्या वर्षी गेली. भाजणी तिची ह्याच डब्यात असायची. झाकण सैल झालं, मुंग्या जायला लागल्या, असं ते फोनवर बोलले, तर मुलीनं बसल्या जागेवरून नवा डबा पाठवला. नव्या डब्यात भाजणी भरताना जुना हातातून निसटला आणि ओट्याच्या कडेवर आपटला.

"अश्विनीला म्हटलं, डब्याला पोचा आला गं. ती म्हणे, कसा आला? आता पडला म्हणून कसं सांगू? मागे दूध उतू गेलं तेव्हाच म्हणाली, बाबा, तुम्हाला आता एकट्यानं जमत नाही, घर बंद करा आणि इकडे या. म्हणून मी म्हटलं, पडला वगैरे नाही, असाच आहे. तर म्हणाली, फोटो पाठवा, मी बघते काय ते. मग एक मुलगा आला, म्हणाला पोचा पडलेला डबा द्या. मी दिला. मनात म्हटलं, पोरीनं बंगळुरूहून ठोकायची व्यवस्था केली. आजकाल सगळंच घरी येऊन नेतात."

ओट्यावर पोपटरावांचा नवा डबा होता. अंगावर एक ओरखडा नाही. मुलीनं पोचा ह्याचाच समजून तक्रार केली होती. लेबलसुद्धा तसंच.

मी अण्णांकडे पाहिलं. समोर एक माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल करत होता की आपण खोटं बोललो. असा कबुलीजबाब मिळावा म्हणून ह्यांनी हयात घालवली होती. अण्णांनी डबा परत हातात घेतला आणि पोच्यावर बोट ठेवलं.

"आज माप घ्यायला आलो होतो," ते म्हणाले. "पोचा नावाला लागून आहे ना. ठोकताना अक्षर बिघडलं तर? म्हणून म्हटलं, आधी मालकांना विचारावं."

"नावाला धक्का नको हं," वसंतराव घाईनं म्हणाले. "पोचा राहिला थोडा तरी चालेल."

"नाही राहणार."

"आणि अश्विनीला..."

"आम्ही गिऱ्हाइकाच्या घरातलं बाहेर बोलत नाही," अण्णा उठत म्हणाले. "नियम आहे आमचा."

परतताना गाडीत त्यांनी डबा मांडीवर आडवा धरला होता, म्हणजे पोचा वर आणि नाव तळव्याखाली. द्वारकेला परत गर्दी लागली. "ताई," ते म्हणाले, "ते क्लेमचं पान उघडा." मी सिग्नलला मोबाइल काढला. अपील करायची मुदत चालू होती, व्हिडिओ तयार होता. "मान्य करा."

"कारण विचारतात, अण्णा." पडद्यावर पर्याय होते.

"कोणतं आहे?"

"'विक्रेत्याकडून खराब माल गेला', असं एक आहे."

पोपटरावांच्या हाताला बट्टा लागणार होता. अण्णांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली. "तेच करा. पोपट्याला मी सांगतो."

मग काय सांगितलं, ते मला माहीत नाही. पण पोपटराव तो डबा लाकडी ठोकळ्यावर चढवून आतून अगदी हलक्या हातानं ठोकत होते, तेव्हा अण्णा शेजारी स्टुलावर बसून होते. दर दोन ठोक्यांनी पुढे वाकून अक्षरं बघत होते. शेवटी पोपटराव वैतागले. "एवढं काय शे तुझं ह्या डब्यात? घरचा आहे का?"

अण्णांनी झाकण तेवढं पुढे केलं. "हेही घट्ट कर. मुंग्या जातात."

डबा द्यायला गेलो तेव्हा मी सोबत होते. वसंतरावांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि नावावरून अंगठा फिरवला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आंधळा माणूस वाचतो तसा. मग झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. नव्या डब्यातली भाजणी त्यांनी आमच्यादेखत जुन्यात ओतली.

"बसा. थालीपीठ लावतो. तिच्यासारखं नाही जमत," ते म्हणाले. तव्याशी उभे राहून, पाठ आमच्याकडे असतानाच त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. सोसायटीत कोणीच विचारला नव्हता. सगळ्यांची उलटतपासणी घेणारे अण्णा ह्या एका साध्या प्रश्नावर खुर्चीत सरळ बसले.

"मीच," ते म्हणाले.

वसंतरावांनी मान हलवली आणि थालीपीठ उलटायला गेले. उशीर झाला होता. एक बाजू पार काळी पडली होती, मधे कच्चं होतं आणि तिखट इतकं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चोरून अण्णांकडे पाहिलं. केसाएवढ्या ओरखड्यासाठी पोपटरावांना भांडं परत करणारा हा माणूस ताटाकडे वाकून, एकेक घास सावकाश तोडून खात होता.

ताट रिकामं झालं. अण्णांनी ते थोडं पुढे सरकवलं.

"अजून एक असेल तर वाढा," ते म्हणाले. "घाई नाही मला."