काशिनाथदादांचं "ह्याचं काम काय?"

शुद्धलेखन चुकलं, अक्षर वाकडं आलं तर माफ करा, मी चौथीपर्यंतच शिकले. काशिनाथदादांनी हे वाचलं तर ते चुका काढणार नाहीत. एवढंच विचारतील, "ह्या वेलांटीचं काम काय?"

ते सगळ्यांनाच हे विचारतात. पुतणीच्या लग्नात जेवायला बसण्याआधी त्यांनी खुर्ची उलटी केली आणि मांडववाल्याला म्हणाले, "एका खुर्चीला आठ स्क्रू? पैसे वर आलेत काय रे?"

बोनकोड्यात त्यांचा छोटा कारखाना आहे. तिथे आम्ही पाच बायका हातात मावणारे व्हिडिओ गेम जोडतो. गेम स्वस्त व्हावा म्हणून दादांनी सहा स्क्रूंचे चार केले, रंगीत बटणं काळी केली, खोक्यावरचा वाघ काढला. "वाघ काय खेलतो?"

तरी वाशीचा दुकानदार म्हणाला, एका गेममागे अजून शंभर रुपये उतरवा, नाहीतर ऑर्डर विसरा. माझे भिशीचे पैसे मी दादांना मालासाठी उसने दिले होते, ते त्यातच अडकलेले. पोरीच्या नर्सिंगची फी त्यातूनच भरायची होती. मी एरवी बोलत नाही, त्या दिवशी बोलले. गेममध्ये एक चिमुकली मोटर असते. गाडी आपटली की तिच्यामुळे गेम हातात थरथरतो.

"दादा, ह्या मोटरचं काम काय?"

दादांनी मोटर उचलून परत डब्यात ठेवली. मग म्हणाले, "ती राहील."

रागारागात संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. हातात आमचाच गेम. गाडी आपटली, गेम थरथरला आणि वहिनी खदखदून हसल्या. त्यांनी तो माझ्या तळव्यावर ठेवून वरून हात दाबून धरला. दादा दारात उभे राहून बघत होते.

"ताई, एवढंच ऐकू येते तिला."

माझा राग गेला, पण फी डोक्यातून गेली नव्हती. "मग खोक्यात चार्जर कशाला देता? मोबाइलचा घरोघरी असतो, तोच लागतो की. त्याचं काम काय?"

दादांनी कपाळावर हात मारला. "आयला! माझाच सवाल मला?"

चार्जर काढला, शंभर रुपये उतरले, ऑर्डर मिळाली. माल विकला गेला तसे दादांनी माझे पैसे आणून हातावर ठेवले. ना पाकीट, ना रबर.

"रबराचं काम काय?"

मी तिथेच मोजले. सगळ्यात काटछाट करणाऱ्या त्या माणसाने माझा एक रुपयाही कापला नव्हता.