बिट्टीचा काटा घसरतो तेव्हा

मंडळी, ठोकलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारली की नुकसान किती, ते मी छातीठोकपणे सांगतो. विमा कंपनीत सर्वेयर आहे मी, उगाच नाही! तेव्हा आमच्या बिट्टीला कॉलेजात प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हे ठरवायला माझ्याइतकं लायक माणूस घरात दुसरं नव्हतं.

"घरात मोठी माणसं दोनच," बायको म्हणाली, "आणि मला अजून कुणी विचारलेलं नाही!"

बिट्टीला वास्तुकलेच्या कॉलेजात जायचं होतं. लहानपणी भिंतीवर घरं काढून मार खायची, आता कागदावर काढून शाबासकी घेते. पण अट अशी, की प्रवेश परीक्षेच्या आधीच, शुक्रवारपर्यंत, एकाच कॉलेजला अर्ज करायचा. तिथे नाही जमलं तर वर्ष फुकट! म्हणून क्लासच्या सरांनी तिला एक ॲप दिलं होतं. त्यावर सराव परीक्षा द्यायच्या आणि प्रवेशाची शक्यता बघायची. गाडीतल्या पेट्रोलसारखा काटाच होता त्यात! तो बहात्तरवर होता. सत्तरच्या वर असेल तर खुशाल अर्ज कर, असं सरांनी सांगितलं होतं.

मी ते ॲप माझ्याही फोनवर घेतलं, बिट्टीच्याच नावाने. बापाचं लक्ष नको?

आता आमच्या धंद्यातला एक नियम आहे. गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय अहवाल द्यायचा नाही. मालक काय, 'ब्रेक एकदम उत्तम' असं झाडात घुसलेल्या गाडीत बसूनही सांगतो! म्हणून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, एका हातात चमचा धरून, मी एक सराव परीक्षा चालवून पाहिली. अरे बापरे! दोन नळ टाकी भरत होते आणि तिसरा ती रिकामी करत होता. तो तिसरा नळ आधी बंद करा, असा पर्यायच नव्हता! मी आपल्या अंदाजाने टिचक्या मारल्या आणि डबा बंद केला.

संध्याकाळी पाहतो तर काटा एकसष्टवर!

"बिट्टी, काय गोंधळ घातलास गं?"

"काही नाही बाबा! मी तर सगळं नीट सोडवलं!"

मालक असंच म्हणतात. मी मनातल्या मनात मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पाहणी वाढवली. पोरीचं नेमकं कुठे अडतंय, हे शोधायचं तर दोन परीक्षा तरी चालवून बघायला हव्यात ना? काटा अठ्ठेचाळीसवर आला. मग मी आणखी खोलात शिरलो. काटा पस्तीसवर!

ॲपसुद्धा हबकलं. त्याने बिट्टीला लहान मुलांचे धडे पाठवायला सुरुवात केली. 'चला, अपूर्णांकांशी मैत्री करू या!' बिचारी निमूटपणे सफरचंदाच्या फोडी मोजत बसली. एकही धडा सोडला नाही तिने.

"गणित तुमच्या घराण्याकडून आलंय," बायकोने निकाल दिला. "आमच्याकडे असलं काही नव्हतं!"

गुरुवारी संध्याकाळी बिट्टी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. भिंतीवरची सगळी चित्रं काढून गुंडाळली होती तिने.

"बाबा, मी कोपऱ्यावरच्या कॉलेजला अर्ज करते. तिथे मिळेल ते शिकेन. माझं डोकंच चालत नाही बहुतेक."

चक्काचूर झालेल्या गाड्या रोज बघतो मी, कधी डोळ्याला पाणी येत नाही. त्या चार गुंडाळ्या बघून आलं.

"थांब!" मी ओरडलो. "आधी सरांना बोलावतो."

सर आले, लॅपटॉप उघडला आणि कपाळाला आठ्या घालून बसले. "ताई," ते बायकोला म्हणाले, "अशी विद्यार्थिनी मी जन्मात पाहिली नाही. संध्याकाळी ही एकदम हुशार असते. दुपारी जेवणाच्या वेळी ठार ढ होते!"

"दुपारी?" बिट्टी म्हणाली. "दुपारी मी शाळेत असते, सर! फोन दप्तरात, बंद!"

"मग हे कुणी लिहिलं? टाकीच्या गणिताखाली, शंकांच्या रकान्यात 'तिसरा नळ कुणी लावला त्याची आधी चौकशी व्हावी' असं लिहिलंय."

बायकोने सावकाश मान वळवली. बिट्टीनेही वळवली. सरांनी चष्मा काढून वळवली.

"मी फक्त चालवून पाहत होतो," मी म्हणालो.

सरांनी माझ्या सगळ्या परीक्षा उचलून बाजूला केल्या. काटा थरथरला, उठला आणि थेट एक्क्याऐंशीवर जाऊन थांबला! बिट्टी किंचाळलीच. मी खुर्चीत असा काही बसलो, की खुर्ची मागे सरकली. हुश्श! पोरगी सुटली आणि मीही!

"आधी बहात्तर होता ना?" बायकोने विचारलं.

"ते सोपे धडे केले ना तिने, त्याने कच्चं राहिलेलं पक्कं झालं," सर म्हणाले.

"म्हणजे माझ्यामुळेच की!" मी म्हणालो.

बायकोने माझ्यापुढचा चहा उचलून सरांपुढे ठेवला.

बिट्टीने तिथल्या तिथे वास्तुकलेच्या कॉलेजला अर्ज केला आणि चित्रं पुन्हा भिंतीवर चिकटवायला लागली. मी मुकाट्याने चिकटपट्टी कापून देत होतो. सगळे हसतायत, हे बघून मला जरा धीर आला. माझ्या परीक्षा सरांनी माझ्या नावावर टाकल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझा काटा किती म्हणतोय?"

बिट्टीने लॅपटॉप ओढला आणि मोठ्याने वाचलं, "शक्यता चार. विद्यार्थ्याच्या पालकांना त्वरित कळवावे!"

बायकोने फोन लावलासुद्धा. पलीकडून माझ्या आईचा आवाज आख्ख्या खोलीला ऐकू आला.

"आता काय केलं त्याने? गणितच ना?"