तेरच्या संगणकदालनी बुद्धिबळाविना मिळविलेल्या फत्तेची हकिकत

श्रीगणरायास वंदन करून, खऱ्याखोट्याचा भार वाचणारांवर टाकून, हकिकत लिहिली जाते ऐसी जे, तेर गावीं महाविद्यालयाचे संगणकदालन, तेथील विभागप्रमुख राजमान्य राजश्री शिवप्रसादसर, यांणी मोठ्या खटपटीने ऑनलाइन परीक्षेचे केंद्र मिळविले आणि दुपारी दोन वाजतां पोरे परीक्षेस बसणार, आणि त्याआधी यंत्रांवर लिनक्स नामक प्रणाली चढली नाही तर केंद्र धाराशिवास जाणार, पोरे एसटीमागे धावणार आणि सरांची अब्रू धुळीस मिळणार, ऐसा समय प्राप्त जाहला.

सरांणी सकाळीच मोहीम मांडली. सूचनांची एक फाईल सर्व यंत्रांस दिली, की यंत्रांणी सारी पॅकेजे, म्हणजे एकेका कामाच्या प्रोग्रामांची गाठोडी, आपली आपण उतरवून घ्यावी, माणसाने हात लावूं नये. मग तीत आपल्या अकलेचा तुरा खोविला. सरांची उमर कचेरीच्या कागदांत गेलेली; कागदावर शेरा पडला की कागद जागीच थांबतो, वरिष्ठांच्या सहीवाचून हलत नाही, हाच त्यांचा धर्म. तस्मात् फर्माविले की, एकाही पॅकेजात चूक निघाली तर यंत्राने तेथेच थांबून मंजुरी मागावी. ऐसी हुशारी जिल्ह्यात दुसऱ्या कोणापाशी नव्हती, हे जिल्ह्याचे नशीब.

यंत्रे कूच करती जाहली, निम्मी मजल मारली, आणि एकाएकी सारी फौज ठाण मांडून बसली. पडद्यावर तांबडी ओळ: एक पॅकेज मिळाले नाही, पुढे जावे काय? शोध करितां कळले जे, तो बुद्धिबळाचा खेळ. यादीत कोणी घातला? खुद्द सरांणी, रिकामे तास बरे जावे म्हणोन. परीक्षेस लागणारा ब्राउझर आणि मराठी टंक मागे रांगेत ताटकळत राहिले.

सर हवालदिल जाहले. मंजुरी घ्यावी कोणाची? प्राचार्य बसवराजसाहेब उमरग्यास लग्नात, फोन बंद. मग मसलत बोलाविली. सोमेशसरांणी आपण इतिहासाचे, ऐसा उजर केला. लिपिकाने हे आपल्या टेबलाचे काम नव्हे म्हणोन सांगितले. आणि एंटरची कळ दाबावयास एक शूर निघेना.

इतक्यात बेंबळी गावाहून परीक्षेस आलेली पोरे फाटकाशी उतरली. ती पाहून सर खिडकीआड सरकले. केंद्र गेले तर यांस तोंड कसे दाखवावे, हे भय मात्र खरे होते, इतके कबूल केलेच पाहिजे. तेव्हां सहशिक्षिका महेश्वरीबाईंचा संयम सुटला.

"सर, खेळ न्हाय मिळाला म्हणून परीक्षा रोखायची व्हय? त्याचं नाव लॉगमधी लिवून पुढं जाऊ द्या की. हुकूम तुमचा हाय, तुमीच फिरवा."

मग सरांणी घाम पुसला, आणि जन्मात प्रथमच कोणाची सही न घेतां आपलाच हुकूम रद्द केला. नवा हुकूम ऐसा: ज्यावाचून यंत्र चालतच नाही ते चुकले तरच थांबावे, बाकी जे मिळणार नाही त्याची नोंद करून पुढे चालावे. मग डोळे घट्ट मिटून कळ दाबली. आकाश कोसळले नाही. यंत्रे निमूट पुढे चालली.

येणेप्रमाणे तेरची मोहीम फत्ते जाहली. यंत्रे वेळेआधी सज्ज जाहली, बुद्धिबळ तेवढे रणीं पडले. दोन वाजतां पोरे परीक्षेस बसली, आणि पेपर संपेतोवर एकानेही बुद्धिबळ मागितले नाही.